कार्तिक वद्य पंचमीची फाइल

माझ्या सासऱ्यांचा कॉम्प्युटर ही आमच्या घरातली सगळ्यात नीटनेटकी आणि सगळ्यात बिनकामाची वस्तू आहे. बुऱ्हाणपुरातल्या एका कचेरीत त्यांनी उभी नोकरी काढली आणि निवृत्त होताना ती कचेरी घरी घेऊन आले. बैठकीत खिडकीशी टेबल, टेबलावर कॉम्प्युटर, त्याच्यावर सासूबाईंनी शिवलेलं झालरीचं झाकण. सकाळी अंघोळ आटोपून, देवाला फूल वाहून मगच ते झाकण निघतं. दिवेलागणीला ते रिसायकल बिन रिकामं करतात, त्यानंतर देवापुढे निरांजन लागतं. लग्न होऊन या घरात आले तेव्हा मला वाटलं, एवढी उठाठेव चालली आहे म्हणजे आत काहीतरी मोलाचं असणार. होते ते विजेच्या बिलांचे फोटो, नातेवाइकांच्या लग्नपत्रिका आणि गुडघेदुखीवरचे उपाय.

पण ठेवलेलं सगळं असं की कुणाची काय बिशाद बोट ठेवायची. फोल्डरात फोल्डर, त्यात आणखी फोल्डर, आणि प्रत्येक फाइलला नाव तिथीचं. इंग्रजी तारीख त्यांना चालत नाही. तारीख पगाराला, तिथी घराला, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे विजेचं बिल असतं 'भाद्रपद शुद्ध ९' आणि गॅसच्या पासबुकाचा फोटो 'माघ वद्य २'. काही शोधायचं झालं की आधी भिंतीवरचं कॅलेंडर उतरवायचं आणि त्या दिवशी तिथी कोणती होती ते बघायचं. शिवाय कॉम्प्युटर नावं लावतो अक्षरांच्या क्रमानं, म्हणून त्यांच्या वर्षात आश्विन आधी येतो आणि चैत्र मागाहून. हे मी एकदा दाखवून दिलं. ते म्हणाले, यंत्राला पंचांग कळत नाही, आपण सांभाळून घ्यावं.

मी ठिबकच्या नळ्या विकणाऱ्या एका दुकानाच्या ऑफिसात काम करते. तिथं बरोबर उलटं. शेठच्या कॉम्प्युटरवर बोट ठेवायला जागा नाही. 'फायनल', 'फायनल नवीन', 'हेच फायनल', 'शेठचं फायनल' अशा फाइली नुसत्या पसरलेल्या. कोणती खरी ते विचारलं की शेठ म्हणतात, सगळ्यात खालची. दिवसभर तो उकिरडा आणि संध्याकाळी हे देवघर. मला दोन्हींचा सारखाच तिटकारा आहे, आणि तो मी लपवत नाही.

आता माझ्या नणंदेविषयी. नवऱ्याची धाकटी बहीण, एम.एस्सी. झालेली आणि घरात बसलेली. बसलेली म्हणजे आमच्या नातेवाइकांच्या भाषेत. एरवी ती सकाळचं पाणी भरायची, सासूबाईंना वरकामात मदत करायची, आणि दुपारी सासरे झोपले की त्यांच्या कॉम्प्युटरवर तो ठोकळ्यांचा खेळ खेळायची. मातीचा ठोकळा, दगडाचा ठोकळा, पाण्याचा ठोकळा. एकावर एक रचून वाटेल ते बांधायचं. सासऱ्यांनी परवानगी दिली होती ती एका अटीवर. तिच्या फाइलींनाही नाव तिथीचंच पाहिजे. हे बांधकाम ती आणि मागच्या गल्लीतली तिची मैत्रीण मिळून करत होत्या, तर त्या मैत्रिणीलाही हाच नियम लागू. ती बिचारी हिंदी घरातली मुलगी, अंकलजी म्हणतील ते ऐकणारी. तिनं मान डोलावली.

या खेळाच्या ऑनलाइन स्पर्धा असतात. नणंदेच्या नादानं मी दोन-तीन पाहिल्या आणि कीव आली. सगळीकडे किल्ले आणि ड्रॅगन. ज्याला काहीच सुचत नाही तो किल्ल्यावर ड्रॅगन बसवतो. परीक्षकांना तोंडं नसतात. एकानं कोल्ह्याचं चित्र लावलेलं, एक बाई नुसत्या आवाजात. दोघंही अशा थाटात बोलतात की जणू यांनी आयुष्यात खरोखरीचं एखादं घर बांधलं आहे. घरी आईनं ताट वाढून ठेवलेलं असणार, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

पण या वेळी नणंदेला त्यात उतरायचं होतं आणि त्याला कारण होतं. वरच्या क्रमांकांत येणाऱ्यांना एका गटात घेणार होते, जो अशा दुनिया बांधून देण्याचं काम घरबसल्या करतो. ही गोष्ट तिनं सासऱ्यांना दसऱ्याच्या दिवशी सांगितली. त्याच दिवशी शाहपूरहून सासऱ्यांच्या बहिणीचा, म्हणजे तिच्या आत्याचा, स्थळाबद्दल फोन येऊन गेला होता. केळीचे मळे, एकुलता मुलगा, दारात दोन गाड्या. सासरे खुशीत होते. म्हणाले, नंबर आला तर वर्षभर लग्नाचा विषय काढणार नाही, तुझं तू काम कर. असं बोलून ते मोकळे झाले, कारण नंबर येणार नाही याची त्यांना खात्री होती. तिला मात्र ते वर्ष डोळ्यांसमोर दिसायला लागलं. तिला लग्नच नको होतं असं नाही. स्वतःच्या हातात काही असल्याशिवाय पोह्यांची बशी घेऊन कुणासमोर जायचं नव्हतं, इतकंच.

स्पर्धेचा विषय होता 'तुमच्या गावाचं पाणी'. इथल्या दुसऱ्या कुणीही डोळे मिटून महाल बांधला असता, राणीचं हमाम बांधलं असतं, वरून कारंजी उडवली असती. हिनं कुंड्या घेतल्या. डोंगरातून झिरपणारं पाणी जमिनीखालच्या बोगद्यानं गावाकडे आणणारी ती विहिरींची जुनी रांग. वरून बघाल तर माळावर ओळीनं गोल कठडे, बस. जे आहे ते सगळं खाली. शाळेच्या सहलीला आम्ही सगळेच तिथं गेलो आहोत, आत ओरडून आवाज घुमवला आहे आणि वर येऊन डबे खाल्ले आहेत. हिनं ते लक्षात ठेवलं होतं.

एका रविवारी तिनं मला शेजारी बसवून खाली नेलं. कठड्यावरून उतरलो आणि स्क्रीन काळी झाली. मग पायांशी पाण्याचा आवाज आला. भिंतींवर चुन्याचे पांढरे थर, तेही तिनं एकेक ठोकळा निवडून चढवलेले. पाणी एका अंगाला अगदी हलकं वाहत होतं, कारण उतार तिनं दगडादगडाला मोजून दिला होता. चालत गेलं की दूर वरून उजेडाची गोल चकती पाण्यावर पडलेली दिसायची. ती पुढची कुंडी. मी सहसा कशानं हलत नाही. तिथं हलले. पोरीचा अभिमान वाटला आणि तो मी तिथल्या तिथं बोलूनही दाखवला. घरात बाकी कुणी ते बघितलं नव्हतं. सासूबाईंना खेळाकडे बघून गरगरायचं, आणि माझा नवरा या हकिगतीत काहीच करत नाही, जसा तो एरवीही करत नाही.

पाठवायचा शेवटचा दिवस होता कार्तिक वद्य पंचमी. आणि शाहपूरच्या आत्यानं नेमकं त्याच दिवशी माय-लेकींना जेवायला बोलावलं. सहज म्हणून. सहज म्हणून बोलावल्यावर पैठणी नेसून यायला सांगत नाहीत, पण तेही सांगितलं होतं. सकाळी नणंद एकीकडे निऱ्या घालत होती आणि दुसरीकडे शेवटची फाइल सेव्ह करत होती. कॉम्प्युटरनं विचारलं, या नावाची फाइल आधीच आहे, दोन्ही ठेवू का? तिला वाटलं, मघाशी आपणच एकदा सेव्ह केली असेल. सासूबाई रिक्षा थांबली म्हणून हाका मारत होत्या. तिनं दोन्ही ठेव म्हटलं आणि पिना लावायला धावली.

मी म्हटलं, ऑफिसला जायच्या आधी मी पाठवून देते. सासऱ्यांनी हात वर केला. घरातून बाहेर जाणारा कागद त्यांच्याच हातून जाणार. जाता जाता नणंद त्यांना एवढंच म्हणाली, कार्तिक वद्य पंचमीची फाइल पाठवा, बाकी काही करू नका.

बाकी काही करू नका, हे वाक्य या माणसाला सांगून उपयोग नसतो. त्यांनी फोल्डर उघडला, तर एकाच तिथीच्या दोन फाइली. एकीचं नाव स्वच्छ, दुसरीच्या शेपटीला कंसात एकचा आकडा. दुबार नोंद म्हणजे त्यांच्या लेखी चोरीच्या खालोखालचा गुन्हा. शेपटीवाली त्यांनी टाकून दिली, स्वच्छ नावाची पाठवली. टाकलेली फाइल दुसरीच्या कितीतरी पट जड होती. पण नाव सोडून आणखी काही बघायची त्यांना सवय नाही. संध्याकाळी बिन रिकामं केलं, निरांजन लागलं, आणि मग शाहपूरला फोन करून एकच शब्द बोलले. गेली.

काही आठवड्यांनी निकाल लागला. पहिल्या तिघांत ती नव्हती, पण 'विशेष उल्लेख' म्हणून नाव होतं आणि गटात जागाही. तिनं मला ऑफिसात फोन केला तो रडतच. मीही शेठसमोर रडले. घरी आले तर ती बैठकीत पुतळ्यासारखी बसलेली. निकालाबरोबर तिच्या कामाचा व्हिडिओ होता. माळ, त्यावर ओळीनं गोल कठडे, आणि खाली काहीच नाही. कठड्यातून डोकावलं की सरळ माती.

त्यावर त्या दोघा परीक्षकांचं बोलणं ऐकण्यासारखं होतं. कोल्हा गहिवरलेल्या आवाजात म्हणत होता, केवढा संयम. पाणी दाखवलंच नाही, तरी खाली पाणी असेल असं वाटत राहतं. बाईंना तर त्यात आपल्या काळाची तहान दिसली. अर्धवट टाकलेल्या कामावर इतकं गोड बोलणारी माणसं मी फक्त लग्नाच्या बैठकीत पाहिली आहेत. मी हसत सुटले. नणंद हसली नाही.

गुंता सुटला तो मैत्रीण मिठाई घेऊन आली तेव्हा. दिवाळीच्या आधी दोघींनी फक्त वरचे कठडे बांधले होते. ते काम मैत्रिणीनं अंकलजींच्या नियमाप्रमाणे तिथी घालून त्याच फोल्डरात ठेवलं आणि नंतर बँकेच्या परीक्षेला लागली. तिथी तिनं घरच्यांना विचारली होती. आता आमचा मराठी महिना संपतो अमावास्येला आणि गावातल्या हिंदी घरांचा पौर्णिमेला. कोजागिरी झाली की आमच्याकडे आश्विन वद्य चालू असतं, त्यांच्याकडे तोच पंधरवडा कार्तिकाचा. दिवाळी सगळ्यांची एकाच दिवशी, त्यामुळे एका गावात राहून हे कुणाला अडत नाही. तिची कार्तिक वद्य पंचमी दिवाळीच्या आधीची होती आणि आमची तिच्या महिनाभर नंतरची. दोन्ही खऱ्या. ती घाबरून म्हणाली, "अंकलजी ने ही तो बोला था तिथी डालो. हमारे यहाँ तो कार्तिक लग चुका था."

इकडे सासरे मावा जिलबी घेऊन मोहल्लाभर फिरत होते. पोरीचा नंबर आला याच्याइतकंच, वेळेवर नीट फाइल पाठवल्यामुळे आला, हेही सांगत होते. पद्धत पाहिजे, पद्धत. मी दात आवळून चहा देत होते.

मी नणंदेला स्पष्ट सांगितलं की तोंड उघडू नकोस. वर्ष मिळालं, जागा मिळाली. त्या कोल्ह्याला अक्कल नाही यात तुझा काय दोष? मूळ काम खेळात शाबूत आहे, बांधत बस. तिनं तो व्हिडिओ पुन्हा लावला. मग म्हणाली, "वहिनी, पण ते माझं नाहीच ना. मतलब, खाली काहीच नाही त्याच्यात." मी तिला वेडी म्हटलं. अजूनही म्हणते.

तिनं खरी फाइल नव्यानं काढून त्यांना पाठवली आणि चूक झाल्याचं लिहिलं. उत्तर लगेच आलं, गोड आणि हलकट. तुमची दुसरी रचना आम्ही पाहिली, मेहनत दिसते; पण पहिलीत जी ताकद होती ती या तपशिलांत हरवली आहे, पहिलीच राहू द्या. तिनं पुन्हा लिहिलं की पहिली अपुरी आहे, ती माझी म्हणून दाखवू नका. मग त्यांनी, आपल्या इच्छेचा मान ठेवून, तिचं नाव उतरवलं. जागाही गेली. इच्छेचा मान ठेवणं म्हणतात त्याला. त्या दिवशी मला त्या दोघांना शोधून काढून खऱ्या कुंडीत सोडावंसं वाटत होतं.

सासऱ्यांना तिनं जेवताना सांगितलं, काही न लपवता. ते घास हातात धरून ऐकत राहिले. मला वाटलं, आता तरी वरमतील. कसलं काय. मठ्ठा संपेपर्यंत ते तिथीवरच बोलत होते. तिथी बरोबर होती. त्या मैत्रिणीनं परक्या पंचांगाची तिथी आमच्या फोल्डरात घातली, हा दोष आहे. आता पुढे पंचांगाचं नावही लिहायला पाहिजे. माझा नवरा जाऊ द्या ना म्हणाला आणि क्रिकेट लावून बसला. हात धुताना सासरे म्हणाले, "नंबर गेला. मतलब आता शाहपूरला फोन करावा लागेल." ते रागानं बोलले असते तर बरं झालं असतं. दुबार फाइल टाकून द्यावी तसे बोलले. नणंदेनं ताटं उचलली. मला त्या क्षणी त्या माणसाची, त्याच्या झालरीच्या झाकणाची, सगळ्या शुद्ध-वद्यांची इतकी किळस आली की मी जेवण अर्धं टाकून उठले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी डब्याच्या पोळ्या लाटत होते. नणंद मोरीपाशी पाणी भरत होती. बैठकीतून सासऱ्यांची हाक आली. जाऊन बघते तर अंघोळ नाही, पूजा नाही, झाकण काढून खाली ठेवलेलं, आणि ते नाकावर चष्मा घेऊन कॉम्प्युटरला चिकटलेले. पोरगी कालपासून खाली खाली म्हणते ते आहे तरी काय, म्हणून खेळ उघडला असणार. चालायला गेले आणि कठड्यावरून आत पडले. स्क्रीन काळी.

"अगं, हे बंद पडलं का?"

नणंद ओल्या हातांनी दारात येऊन उभी राहिली. म्हणाली, "बंद नाही पडलं, पप्पा. तुम्ही कुंडीत पडले. पुढं चाला."

मी म्हटलं, बटण दाबलं की खेळ बंद होतो, दाबू का? त्यांनी माझा हात झटकला. आत आलो तसं चालूनच बाहेर पडायचं, असं मध्येच नाही. ते एका बोटानं कळ दाबत पुढे सरकू लागले. भिंतीला धडकले, मागे आले, पुन्हा धडकले. पाण्याचा आवाज ऐकून त्यांनी मान तिरकी केली. मग एका जागी थांबून ते चुन्याचे थर बघत राहिले. किती वेळ ते मला सांगता येणार नाही, पण तव्यावरची पोळी करपल्याचा वास आला तरी मी हलले नाही.

"पुढं उजेड दिसून राहिला," ते म्हणाले.

"ती पुढची कुंडी."

"पाणी असंच गावात जातं?"

"खरं जातं. माझं नाही जात अजून. तेवढं बांधून नाही झालं."

"मग मध्येच थांबतं?"

"हो."

"गावापर्यंत न्यायला किती लागेल?"

तिनं माझ्याकडे बघितलं. मग हात ओढणीला पुसत म्हणाली, "वर्ष."

त्यांचं बोट कळीवरच होतं आणि पाणी वाहत होतं. मग स्क्रीनवरची नजर न काढता त्यांनी मला विचारलं, शाहपूरला कुणी फोन लावला का. मी म्हटलं, अजून नाही.

"मग राहू दे," ते म्हणाले. "आणि हिला विचार, उजवीकडे वळायचं कसं."